सगळी चूक माझी

नवरा टीव्हीवर म्हणाला, "आजच्या पराभवाला मी जबाबदार आहे. खेळाडूंना दोष देऊ नका. सगळी चूक माझी," आणि माझ्या हातातला कुस्करलेल्या केळ्याचा चमचा गुंडीच्या तोंडाऐवजी तिच्या कानात गेला.

गुंडी म्हणजे आमची मुलगी. तिला अजून चालता येत नाही, पण पोचता सगळीकडे येतं. तिनं कानातलं केळं बोटानं काढून खाल्लं आणि पुन्हा टीव्हीवरच्या बापाकडे बघायला लागली.

"बघ, बघ," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती मोठ्या मनाचा आहे माझा मुलगा! पाच गोल खाल्ले, पण एकाचं नाव घेतलं का त्यानं?"

मी बघतच होते. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द मी एकदाही ऐकले नव्हते. याच्या हातून कप फुटला तर तो कोणीतरी कडेला ठेवलेला असतो. हा रस्ता चुकला तर पाटी चुकीच्या जागी लावलेली असते. गुंडीच्या बाबागाडीचं पुढचं चाक यानं उलटं बसवलं आणि गाडी जागच्या जागी गोल फिरायला लागली, तेव्हा 'रस्त्याला उतार आहे' असं मला सांगण्यात आलं. आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो. आणि आज हाच माणूस घामेजलेल्या केसांनी, मान किंचित झुकवून, अख्ख्या गावासमोर सगळी चूक एका दमात घेऊन मोकळा झाला होता.

माझा नवरा आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा कोच. क्लबनं आम्हाला राहायला दोन खोल्या दिल्यात, मैदानाला लागून, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीच्या बरोब्बर वर. नोकरी आहे तोवर खोल्या. त्यामुळे आमच्या संघावर गोल झाला की बाकीच्यांना गोल दिसतो, मला सामानाची खोकी दिसतात. त्या दिवशी पाचवा गोल झाला तेव्हा माझी मनातल्या मनात भांडीसुद्धा कागदात गुंडाळून झाली होती. पाळण्यापाशी मात्र अडले. सुतारानं तो खोलीतच जोडलाय आणि तो दारातून बाहेर निघत नाही. आम्हाला इथून काढायचं तर आधी चौकट काढावी लागेल.

आता खोल्यांची एक गंमत सांगायला हवी. आमच्या न्हाणीघरातली सांडपाण्याची नळी खालच्या खोलीतून जाते, आणि खाली कोणी बोललं की वर स्पष्ट ऐकू येतं. मध्यंतराला मी गुंडीला घेऊन वर येते, तिला धुते, कोरडं करते. कान काही मी मुद्दाम लावत नाही. पण ते बंदही करता येत नाहीत.

त्या दिवशी मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला होता. नळीतून आधी कॅप्टनचा आवाज आला. कॅप्टनला सगळे दादा म्हणतात, कारण तो संघात सगळ्यांत मोठा, माझ्या नवऱ्यापेक्षाही थोडा मोठाच. गुडघ्यांना पट्ट्या बांधून खेळतो.

"कोच, आपली उजवी बाजू उघडी पडलीय. तो लाल बुटांवाला तिथूनच घुसतोय. मधल्यांपैकी एकाला मागे ओढ."

मग माझ्या नवऱ्याचा आवाज: "कोच कोण आहे इथे?"

"तूच आहेस. म्हणून तर तुला सांगतोय."

"मग मला ठरवू दे."

यानं काय ठरवलं ते दुसऱ्या अर्ध्यात सगळ्यांनी बघितलं. लाल बुटांवाला आमच्या उजव्या बाजूनं जेवणानंतर शतपावली करावी तसा येत-जात होता. चार वेळा आला, चार गोल झाले.

नवरा घरी आला तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "खरंच सगळी चूक तुझी?"

"एका अर्थानं."

"कोणत्या अर्थानं?"

"नेतृत्वाच्या."

"म्हणजे नेमकं काय चुकलं?"

"अगं, नेता म्हटल्यावर सगळंच."

"दादा मध्यंतराला म्हणाला ते—"

"तू परत त्या नळीला कान लावलास?"

"मी गुंडीला धूत होते."

"नळीतून नीट ऐकू येत नाही," असं म्हणून त्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला आणि विषय तिथं संपला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक थोर माणूस राहायला लागला. त्याचं ते बोलणं गावभर मोबाईलवर फिरत होतं. गुंडीला लस द्यायला नेलं तर डॉक्टरीणबाई सुई भरता भरता म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांसारखी माणसं राहिली नाहीत हो." गुंडीनं भोकाड पसरलं. किराणा दुकानातली बाई म्हणाली, "मी आमच्या ह्यांना मुद्दाम दाखवलं. म्हटलं, शिका काहीतरी. तर म्हणतात, त्याला पगार मिळतो चूक मान्य करायचा, मला कोण देतंय?" शाळेच्या बाईंनी वर्गात दाखवलं. पाच गोलांबद्दल कोणी चकार शब्द काढेना. मी दोन-तीन ठिकाणी 'पण उजवी बाजू...' असं सुरू करून पाहिलं, तर लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू देवमाणसाच्या घरी चुकून मी नांदायला आलेय.

आणि मग क्लबचे अध्यक्ष आले. अध्यक्षांचा गाद्यांचा कारखाना आहे. मैदानाच्या चारी बाजूंना त्यांच्याच गाद्यांच्या पाट्या आहेत, त्यामुळे आमचे सामने बघताना सारखी जांभई येते. ते येताना एक उशी घेऊन आले, ती माझ्या हातात दिली आणि नवऱ्याला मिठी मारली.

"कोचसाहेब, जिंकून जे मिळालं नसतं ते तुम्ही हरून मिळवलंत. मला एक जाहिरात सुचलीय. तुम्ही गादीवर बसलेले. मागे अख्खा संघ झोपलेला. आणि खाली अक्षरं: 'चूक मान्य करा, शांत झोपा.'"

मला वाटलं, हा हसेल. हा म्हणाला, "मी कुशीवर वळलेला जास्त बरा दिसेन का?"

पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सराव असतो. त्या दिवशी मैदानाच्या मधोमध गाद्या अंथरल्या होत्या आणि संघ त्यांवर डोळे मिटून पडला होता. मी खिडकीतून बघत होते. जाहिरातवाला ओरडत होता, "आणखी शांत! आणखी शांत!" आमचा गोलकीपर आणखी इतका शांत झाला की त्याला शेवटी दोघांनी हलवून उठवलं. या गोलकीपरला सगळे कुलूप म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा तो गोल अडवत असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन गोलांनी हरलो. तिन्ही उजवीकडून.

"सगळी चूक माझी," नवरा टीव्हीवर म्हणाला. या वेळी हात छातीवर होता. तो घरी आल्या आल्या सासूबाईंनी सांगितलं, "हात ठेवलास ते बरं केलंस, पण जरा वर ठेव. पोट बिघडल्यासारखं वाटत होतं." तिसऱ्या सामन्यात चार गोल खाल्ल्यावर हात बरोब्बर जागेवर होता. बोलण्यात मध्येच एक थांबाही आला होता, अगदी आवंढा गिळण्यापुरता. खेळ सोडून सगळं सुधारत होतं.

जिन्यात मला कुलूप भेटला. शिट्टी वाजवत चालला होता.

"काय रे," मी म्हटलं, "तो चौथा गोल अडवता आला असता ना?"

"आला असता की, वहिनी. पण कोचनी घेतली ना जबाबदारी." घरी नव्हतो तर शेजाऱ्यांनी पार्सल घेऊन ठेवलं, असा त्याचा सूर होता.

"मग तुझं काय?"

त्यानं जरा विचार केला. शिट्टी थांबली. "माझं काही राहिलंच नाही बघा," म्हणाला आणि खाली गेला. जाताना मात्र शिट्टी वाजवली नाही.

आमच्या क्लबचा एक जुना नियम आहे. लागोपाठ तीन सामने हरलं की कोचनं सभासदांसमोर उभं राहायचं आणि त्याला ठेवायचं की काढायचं ते सभासदांनी हात वर करून ठरवायचं. रविवारी सभा लागली. अध्यक्ष मैदानाच्या फाटकात भेटले. या वेळी उशी नव्हती.

"काळजी करू नका वहिनी," ते म्हणाले. "माणूस म्हणून ते थोरच आहेत."

कोचची माणूस म्हणून स्तुती सुरू झाली की त्याची कोच म्हणून आशा संपलेली असते, हे कळायला फुटबॉल कळावा लागत नाही. मी वर आले, टेप घेतली आणि पाळणा पुन्हा मोजला. मग दार मोजलं. दोघांचं अजूनही जमत नव्हतं. गुंडी टेपचं दुसरं टोक तोंडात धरून मदत करत होती.

आतल्या खोलीत नवरा आरशासमोर भाषणाचा सराव करत होता.

"'आत्मपरीक्षण' म्हटल्यावर थांबू, का 'अंतर्मुख' म्हटल्यावर?"

"तू त्यांना उजव्या बाजूचं सांग," मी म्हटलं.

"ते तांत्रिक आहे गं. लोकांना ते नको असतं. लोकांना भावना पोचायला हवी."

"लोक भावनेनं रडतील आणि रडत रडत तुला काढतील. तूच म्हणतोयस सगळं तुझ्यामुळे बिघडलं, मग तुला काढण्याशिवाय त्यांनी दुसरं करायचं तरी काय? एक काहीतरी बिघडवलंय म्हणालास तर निदान म्हणतील, बाबा रे, ते तेवढं नीट कर."

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

"दादानं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"म्हणजे तू ऐकलं होतंस त्याचं."

तो वळला आणि चक्क टॉवेलाची घडी घालायला लागला. हा माणूस घडी घालतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. "सगळी चूक माझी म्हणालो ना मी? तीन-तीनदा म्हणालो. त्यात तीही आलीच की."

"आली नाही. त्यात ती बुडाली."

त्यानं टॉवेल खुंटीला लावला आणि मी बाहेरच्या खोलीत आले. थोड्या वेळानं आतून पुन्हा 'अंतर्मुख' ऐकू आलं, आणि मग तो थांबला. थांबा तिथंच ठरला होता तर.

सभा क्लबच्या हॉलमध्ये होती. एका भिंतीला जुन्या चषकांचं काचेचं कपाट, समोर घडीच्या खुर्च्या, टेबलावर अध्यक्ष आणि चिटणीस. चिटणीस म्हणजे जाड चष्म्याचे, नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाहीत असे गृहस्थ. मी गुंडीला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसले, शेजारी सासूबाई. खेळाडू भिंतीला टेकून उभे होते. दादा सगळ्यांत टोकाला, हाताची घडी घालून.

नवरा उठला आणि बोलला. खोटं कशाला सांगू, सुंदर बोलला. आत्मपरीक्षण झालं. अंतर्मुख झालं, थांबा झाला. "या संघाच्या प्रत्येक अपयशाचा धनी मी आहे," म्हणाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी नाक शिंकरलं. सासूबाईंचा रुमाल केव्हाच भिजला होता. टाळ्या पडल्या. दादा भिंतीकडे बघत होता.

मग अध्यक्ष उठले. "कोचसाहेबांनी इतक्या प्रांजळपणे सांगितलंय की सगळी चूक त्यांची आहे. आता आपण त्यांच्या शब्दाचा मान राखला पाहिजे. तेव्हा, नवा कोच आणावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी..."

माझ्या डोळ्यांसमोर खोकी, दोऱ्या, आणि चौकटीत अडकलेला पाळणा. मी उभी कधी राहिले ते मलाच कळलं नाही.

"मला प्रश्न विचारायचाय."

चिटणिसांनी चष्मा वर केला. "प्रश्न फक्त सभासदांना विचारता येतो."

"ही सभासद आहे," मी गुंडीला वर धरून म्हटलं.

हॉल वळला. पण ते खरं होतं. क्लबच्या खोल्यांत राहणाऱ्या कोणाला मूल झालं की क्लब त्याला जन्मभराचं सभासद करून घेतो. अध्यक्षांनी स्वतः गुंडीच्या मुठीत कार्ड दिलं होतं आणि पेपरात फोटो आला होता.

"ती अजून बोलत नाही, म्हणून तिच्या वतीनं मी विचारते."

चिटणिसांनी नियमांचं पुस्तक चाळलं. खूप वेळ चाळलं. "वयाची अट दिसत नाही," ते शेवटी दुःखानं म्हणाले. "विचारा."

सासूबाईंनी मला दंडाला चिमटा काढला. "खाली बस! भर सभेत कोणी नवऱ्याला प्रश्न विचारतं का?"

"मी कुठे विचारतेय आई? तुमची नात विचारतेय."

गुंडी माझ्या गळ्यातली साखळी ओढत होती. "कोचसाहेब," मी म्हटलं, "चूक कोणती?"

"मी म्हटलं त्याप्रमाणे, सगळी..."

"सगळी नको. एक सांगा."

"नेतृत्वाच्या दृष्टीनं पाहिलं तर..."

"दृष्टी पण नको. पहिला सामना. मध्यंतर."

त्याचा जबडा आवळला होता. मला वाटलं, आता हा नळीचं काढणार आणि मी दोन्हीकडून मेले. त्यानं टेबलावरचं पाणी उचललं, प्यायला, ग्लास ठेवला. मग बोलला, पण तो टीव्हीवरचा आवाज नव्हता. घरातला होता, बारका, कुरकुरा.

"मध्यंतराला दादा म्हणाला होता, उजवी बाजू उघडी आहे. तो म्हणायच्या आधीच मला दिसलं होतं ते. मी बदल करणारच होतो. पण तो सगळ्यांसमोर बोलला. मग मी केला असता तर त्याचं ऐकून केला, असं झालं असतं. म्हणून नाही केला."

त्यानं रिकामा ग्लास टेबलावर थोडा पुढे सरकवला.

"पुढच्या दोन सामन्यांतही नाही केला," तो म्हणाला. "कारण तेव्हा केला असता तर मग आधी का नाही केला, असं विचारलं असतं."

टाळी एकही पडली नाही. आजोबांनी रुमाल खिशात ठेवला. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे तुझ्या नाकापायी आम्ही बारा गोल खाल्ले?"

"बारा नाही," नवरा पटकन म्हणाला, "एक पेनल्टी होती. अकरा."

मग जो गलका उठला तो विचारू नका. तीन आठवडे ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच खुर्च्यांवर चढले. 'पोरखेळ आहे का', 'आम्ही काय उन्हात हौसेनं बसतो का', 'माझा मुलगा रडत घरी आला होता' असं चारी बाजूंनी. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "झालं समाधान? चांगला देवासारखा निघाला असता इथून." मला रडू यायला लागलं होतं. सगळी चूक म्हटल्यावर मिठ्या मारणारे लोक एका चुकीसाठी चप्पल शोधतील, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं.

तेवढ्यात दादा भिंतीपासून सुटा झाला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज हॉलभर ऐकू गेला असावा, कारण लोक जरा थांबले.

"माझंही ऐका," तो म्हणाला. "मध्यंतरानंतर मी उजवीकडे मदतीला धावलो नाही. जमलं असतं मला. म्हटलं, जाऊ दे, कळू दे याला. दुसरा गोल झाला तेव्हा मला..." तो शब्द शोधत होता. "बरं वाटलं."

नवऱ्यानं झटकन वर बघितलं. "मला वाटलं गुडघा दुखतोय तुझा!"

"गुडघा रोजच दुखतो."

"मी पण सांगतो," कुलूप भिंतीकडून म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं, पण त्याला घाई झाली होती. "परवाचा चौथा गोल. मी प्रेक्षकांत बघत होतो. जिच्याशी माझं जमतंय ती आलीय का, ते."

"आली होती का?" कोणीतरी विचारलं.

"नाही."

हशा झाला, आणि हशात आजोबा उठले. "आता सुरू झालंच आहे तर अध्यक्ष, त्या गाद्यांचंही होऊन जाऊ दे."

"गाद्यांचा इथे काय संबंध?" अध्यक्ष म्हणाले.

"सरावाच्या दिवशी आम्ही मैदानात झोपलो होतो," दादा म्हणाला. "तुमच्याच गाद्यांवर."

"ते क्लबच्या हितासाठी होतं. एका व्यापक अर्थानं..."

"व्यापक नको!" चार-पाच जण एकदम ओरडले. "एक सांगा!"

अध्यक्षांनी कॉलर सैल केली आणि घाईघाईनं सभेचं काम पुढे रेटलं. "वेळ फार झालाय. नवा कोच हवा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. खूप गेले. मला मोजवेना. चषकांचं कपाट चमकत होतं म्हणून गुंडीनंही दोन्ही हात वर केले.

"सभासदाचा एकच हात धरला जाईल," चिटणीस म्हणाले.

"तिला कपाट हवंय!" मी तिचे हात खाली दाबत म्हटलं. "नवा कोच नकोय तिला. जुनाच नीट कळायचाय अजून."

दादाचा हात अजून घडीतच होता. खेळाडू त्याच्याकडे बघत होते, आणि खेळाडूंकडे बाकीचे.

"मी हात वर करायचा का नाही ते याच्यावर आहे," दादा म्हणाला. "कोच, पुढच्या सामन्यात मध्यंतराला मला काही दिसलं तर मी बोलणार. चालेल?"

"बाजूला घेऊन बोललास तर..."

"सगळ्यांसमोर."

जबडा पुन्हा आवळला. मला तो जबडा माहीत आहे. त्याच्यामागे काय काय चाललेलं असतं तेही माहीत आहे. सासूबाईंनीसुद्धा मला चिमटा काढायचं थांबवलं होतं.

"चालेल," नवरा म्हणाला.

"आणि पटलं तर त्याच वेळी बदल करणार?"

"करीन."

"चेहरा न पाडता?"

"ते नाही जमणार," नवरा म्हणाला. "चेहरा पडणार."

दादा हसला. त्या तीन आठवड्यांत मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. "पडू दे. राहू द्या याला," तो म्हणाला आणि परत भिंतीला टेकला.

काही हात खाली आले. सगळे नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर असा ताठ वर धरला होता की त्या दुसऱ्या हातानं त्याला टेकू देत होत्या. चिटणिसांनी बोटानं हवेत मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाले, "पुरेसे हात नाहीत. कोच राहतील." लोकांच्या चेहऱ्यावरून त्यांना वाटलं असावं की हे फार गोड झालं, म्हणून पुढे म्हणाले, "तूर्त."

मी खुर्चीवर बसले. गुंडीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि मग जे रडू यायचं ते येऊन गेलं. सासूबाईंनी त्यांचा भिजका रुमाल मला दिला.

एरवी नवऱ्याचं भाषण झालं की लोक त्याचा हात हातात घेत, फोटो काढत आणि घरी जात. आज हात कोणी हातात घेतला नाही. आणि घरीही कोणी गेलं नाही. आजोबांनी चहाच्या ट्रेमधले रिकामे कप टेबलावर ओळीनं मांडले. नाक शिंकरणारे हेच का ते, असा प्रश्न पडावा इतक्या खणखणीत आवाजात ते म्हणाले, "ही आपली बचावाची फळी. आता बघ हं, तू काय माती खाल्लीस ती."

"माती म्हणजे अगदी..." नवरा म्हणाला.

"माती."

लोक टेबलाभोवती दाटले. दादानं एक कप मागे सरकवला. नवऱ्याचा हात लगेच त्या कपाकडे गेला.

"थांब," दादा म्हणाला. "आधी ऐक."

हात हवेत राहिला. मी लांबून बघत होते. मग त्यानं हात खिशात घातला. दुसराही घातला, खबरदारी म्हणून.

"ही बशी कोण?" कुलुपानं विचारलं.

"बशी म्हणजे तू. आणि तू समोर बघायचंस, प्रेक्षकांत नाही."

"बशी बरी आहे रे," किराणा दुकानवालीचा नवरा म्हणाला. "कुलुपापेक्षा जास्त अडवते."

हसणं झालं, पुन्हा भांडण झालं, कप पुढे-मागे झाले. सासूबाई म्हणाल्या, "किती वेळ चालणार हे? एवढं बोलून घेतायत माझ्या मुलाला, आणि हा गप्प बसून ऐकतोय!" त्यांच्या आवाजात काळजी होती, पण त्या उठल्या नाहीत, उलट नीट दिसावं म्हणून पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

नवरा टेबलावर वाकला होता. त्याचा चेहरा पडलेला होता, त्यानं आधीच सांगितल्याप्रमाणे. कपाळावर घाम होता आणि छातीवर हात नव्हता.

"समजा, मी याला मागे ओढला," तो दादाला म्हणाला, "आणि तो लाल बुटांवाला हे बघून मधून आला, तर?"

आणि तो थांबला. आवंढा गिळण्यापुरता नाही. उत्तर येईपर्यंत.

सात-आठ जण एकदम बोलायला लागले.